सोमबारीचा पहिला शब्द

सणसवाडीच्या कारखान्यांमागं, भाड्याच्या खोल्यांना लागून अनुपमाबाईंची शाळा. त्यांच्या दुसरीच्या वर्गात सोमबारी आली ती झारखंडहून. बाप प्रेसच्या मशीनवर कामाला, घरात सगळे मुंडारी बोलणारे. तीन महिने पोर तोंड मिटून बसली. "बोल गं, येईल मराठी," बाई रोज समजावत.

एका सकाळी ती आपण होऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "हासू."

बाईंना भरून आलं. "ऐकलंत? सोमबारी मराठी बोलली! हसू!" त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरं खिदळली. सोमबारीनं सगळ्यांकडं पाहिलं, पुन्हा "हासू" म्हणाली. पुन्हा टाळ्या पडल्या. मग ती जागेवर जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसली.

दुपारी खिचडी वाढणाऱ्या मालनबाई म्हणाल्या, "बाई, तिनं आज घास न्हाई खाल्ला. तोंड उतरलंय पोरीचं."

"लाजलीय हो ती," बाई हसून म्हणाल्या.

संध्याकाळी अपेंडिक्स फुटलं. शिरूरच्या दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी सोमबारी गेली.

आठवड्यानं बाप दप्तर न्यायला आला. "मॅडम, बच्ची कुछ बोली नहीं? हासू बोली होगी."

"हसू?"

"हासू. हमारे में दरद को बोलते हैं."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. गप्प राहिल्या असत्या तर त्याला कधीच कळलं नसतं.

"बोली थी," त्या म्हणाल्या. "मुझे ही बोली थी. मैंने तालियाँ बजवाईं."

तो दप्तर उचलून निघून गेला.

त्यानंतर बाई खोल्याखोल्यांतून फिरल्या. दुखतंय, तहान लागलीय, भीती वाटते, याला तुमच्यात काय म्हणतात, एवढंच विचारत. मुंडारी, ओडिया, भोजपुरी, पारधी, जी बोली भेटेल तिच्यातलं वहीत उतरवून घेत.

"बाई, हे पुस्तकात कुठं हाय?" मुख्याध्यापक रोहिदास सरांनी विचारलं.

"न्हाई सर. हे आपण शिकायचंय."

वही पाठ झाली. तरी एखादं पोर गप्प दिसलं की बाई हजेरी अर्धवट सोडून त्याच्यापुढं उकिडव्या बसतात. त्याच्या पोटावर तळवा ठेवून एकेका भाषेत विचारत जातात, कुठं दुखतंय? पोर नाही म्हणून मान हलवतं. बाईंना मात्र हात काढवत नाही.