डावखुरी लिनेट आणि मी

मित्रांनो, घाबरू नका, माझ्या पोटात आता एकही काडतूस नाही. मी एक जुनी शिकारी रायफल आहे. मोंटानातल्या एका बंद घरात, जिन्याखालच्या कपाटात उभी असते. माणसाचा आवाज कानावर क्वचितच पडतो. तुम्ही आलाच आहात, तर थोडे ऐकून जा.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. हात घसरू नये म्हणून दस्त्यावर बारीक चौकटींची नक्षी असते. ती एका बाईने हाताने कोरली. कोरताना ती मधूनच थांबून बोटांवर फुंकर घालायची. माझ्या उजव्या बाजूला बोल्टची, म्हणजे आतल्या सरकत्या पोलादी दांड्याची, मूठ आहे. ती उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. बोल्टला एक लांब पोलादी नख आहे. आत शिरणाऱ्या काडतुसाला ते पहिल्यापासून धरून ठेवते, मध्येच पडू देत नाही. पुढे कारखान्याने हे नख काढून टाकले आणि नक्षीही यंत्राने ठसवायला सुरुवात केली. तेव्हापासून माझ्या वेळच्या रायफलींना लोक कौतुकाने 'जुन्या' म्हणू लागले.

मला सिगर्ड टेग्लँडने विकत घेतले. त्याचे गुरांचे कुरण होते, आणि मागे पाइनच्या झाडांचा डोंगर. दर नोव्हेंबरला तो मला खांद्याला लावून वर जाई आणि हिवाळ्यापुरते एल्कचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या सांबराचे, मांस घेऊन येई. तो थकल्यावर त्याने मला त्याच्या मुलाच्या, नॉर्व्हलच्या हाती दिले. देताना एवढेच म्हणाला, "पुसत जा हिला." नॉर्व्हल मला पुसत गेला. ते माझे सुखाचे दिवस होते. पाहुणे आले की मला कपाटातून काढत, हातोहात फिरवत, बोल्ट मागेपुढे करून म्हणत, "लोण्यासारखा सरकतो बघ!"

नॉर्व्हलची बायको आर्डिस लवकर गेली. घरात राहिले तो आणि मुलगी लिनेट. ती बारा वर्षांची झाली तेव्हा तो तिला गवताच्या कोठारामागे घेऊन गेला, कुंपणावर पत्र्याचे डबे मांडले आणि मला तिच्या हाती दिले. तिने मला डाव्या खांद्याला लावले.

"उजव्या," नॉर्व्हल म्हणाला.

"बाबा, उजव्या डोळ्याने मला नीट दिसत नाही. आणि मी डावखुरी आहे."

"असू दे. हात शिकतो हळूहळू."

पण नेम डाव्याच खांद्यावरून लागतो, हे त्यालाही दिसले. मग ती डाव्याने नेम धरायची, आणि गोळी सुटली की चापावरचा हात काढून, माझ्या डोक्यावरून पलीकडे नेऊन बोल्टची मूठ गाठायची. गाल दस्त्यावरून उठायचा, डोळा माझ्या पाठीवरच्या दुर्बिणीवरून हटायचा. पुन्हा समोर बघेपर्यंत डबा कुठे आहे तेही शोधावे लागे. डब्यांचे काही बिघडत नव्हते. ते पळत नव्हते.

लिनेट एकोणीस वर्षांची असताना तो, ती आणि मी असे तिघे डोंगरावर होतो. मोठ्या शिंगांचा एक एल्क झाडीच्या कडेला उभा राहिला. तिची पहिली गोळी छातीच्या थोडी मागे लागली. दुसरीसाठी तिचा हात माझ्यावरून पलीकडे जाईपर्यंत तो दाट झाडीत शिरला. बापलेकींनी रक्ताच्या थेंबांवरून दिवसभर माग काढला. मग बर्फ पडू लागला आणि थेंब दिसेनासे झाले. जखमी जनावर मरायला सोडून यावे लागले. खाली उतरताना लिनेट रडत होती. नॉर्व्हल पुढे चालत होता, त्याने मागे वळून पाहिले नाही.

नंतर ही गोष्ट तो सगळीकडे सांगू लागला. चर्चच्या जेवणात, गुरांच्या बाजारात. "पोरीचा नेम बरा आहे," तो म्हणे, "पण उतावळी! थांबायलाच नको." लोक हसत. लिनेटही हसायची. नंतर ती यायची बंद झाली. दूरच्या गावात शाळेची बस चालवू लागली. नाताळला फोन करायची. हवा, गुरे, गाडीचे टायर एवढेच बोलणे व्हायचे.

नॉर्व्हल आणि मी दोघेच डोंगरावर जाऊ लागलो. स्वयंपाकघरातून घेतलेली बटाट्याची पोळी तो लोणी-साखर लावून खिशात ठेवी आणि ओंडक्यावर बसून खाई. कधी अर्धी तोडून बाजूला ठेवी. मग लक्षात आल्यासारखी उचलून स्वतःच खाई. मित्रांनो, लोखंडालाही अशा वेळी कसेसेच होते. त्याच्या गुडघ्यांतून आवाज येऊ लागला. मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. एका वर्षी त्याने समोरच्या एल्कवर मला रोखले, बराच वेळ रोखून धरले, आणि खाली केले. जनावर आहे की झुडूप, याची त्याला खात्री नव्हती. त्या हिवाळ्यात त्याने पहिल्यांदा दुकानातले मांस खाल्ले.

पुढच्या ऑक्टोबरात त्याने फोन लावला. मी कपाटातून ऐकत होते.

"लिनेट, या वर्षी येतेस का? माझं एकट्याचं आता होत नाही." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "मोठी रायफल तुलाच देईन म्हणतो. आजोबांची."

पलीकडून ती काय बोलली ते मला कळले नाही. पण शनिवारी ती आली, आणि आम्ही तिघे गावातल्या वेंडेलच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. वेंडेल नॉर्व्हलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मला पाहताच टोपी काढली.

"या, महाराणी! लिनेट, ही घरात असताना तू माझ्याकडे काय बघायला आलीस? आता असलं काम होत नाही. ही नक्षी बघ, हे नख बघ."

"बघितलंय, वेंडेलकाका. बारा वर्षांची असल्यापासून बघतेय," ती म्हणाली. "मला डाव्या हाताची दाखवा."

वेंडेलने नॉर्व्हलकडे पाहिले. मग खालच्या फडताळातून एक नवी रायफल काढून माझ्या शेजारी ठेवली. करडा रंग, प्लॅस्टिकचा दस्ता, वजन माझ्यापेक्षा कितीतरी कमी. आणि बोल्टची मूठ डावीकडे.

"ही पावसात फुगत नाही, बर्फात गंजत नाही," वेंडेल म्हणाला. "खरं सांगायचं तर नेमही हिचा जास्त सरळ. पण जीव नाही रे हिच्यात. कपडे धुवायच्या मशीनसारखी वाटते."

"मशीनच आहे ती," लिनेट म्हणाली.

"उद्या प्लॅस्टिक तुटलं की फेकून देशील," नॉर्व्हल म्हणाला. "ही माझ्या बापाच्या हातातली आहे. तुझ्यासाठी ठेवली मी. आणि तू भांड्याच्या दांड्यासारखं काहीतरी घेतेयस!"

"बाबा, मी येतेय ना तुमच्याबरोबर? मग मला माझ्या हाताची घेऊ द्या."

नॉर्व्हलने मला उचलले आणि तो बाहेर गाडीत जाऊन बसला. येताना मी दोघांच्या मध्ये होते, नवी मागच्या सीटवर, खोक्यात. मला तिचा राग आला होता, लपवून काय करू? पण लिनेट आईच्या जागी स्वयंपाकघरात उभी राहून भाज्या चिरू लागली, तेव्हा मला वाटले, रायफल कुठलीही असो, पोर घरी आली.

नोव्हेंबरात दोघे डोंगरावर गेले. नॉर्व्हलने हट्टाने मला घेतले होते. उतारावर एक एल्क मादी कळपापासून थोडी बाजूला होती. नॉर्व्हलने मला उचलले, दुर्बिणीत पाहिले आणि परत खाली केले.

"तू मार," तो कुजबुजला.

लिनेटने गोळी झाडली. जनावर अडखळले आणि झाडीकडे वळले. पहिली गोळी पुन्हा थोडी मागे लागली होती. नॉर्व्हलच्या तोंडून "गेलं!" निघाले. पण त्याचा शब्द संपायच्या आत लिनेटच्या हाताने तिच्याच बाजूची मूठ उचलली, ओढली, ढकलली. गाल जागचा हलला नाही. दुसरी गोळी सुटली आणि एल्क जागच्या जागी खाली बसली.

डोंगर शांत झाला. नॉर्व्हल जनावराकडे पाहत नव्हता. तो मुलीच्या हाताकडे पाहत होता.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

"काय?"

"बोल्ट. गोळ्या काढ आणि पुन्हा चालव."

तिने गोळ्या काढल्या आणि बोल्ट चालवून दाखवला. त्याने आणखी एकदा करायला लावले. मग तो बर्फातच ओंडक्यावर बसला.

"त्या वेळचा तो एल्क," तो म्हणाला, "तुझ्या उतावळेपणाने गेला नव्हता."

लिनेटने दोन्ही रिकामी काडतुसे बर्फातून उचलली.

"तू तेव्हा सांगितलं होतंस मला. कोठारामागे."

"तुम्हाला ऐकू गेलं नसेल, बाबा."

"गेलं होतं," नॉर्व्हल म्हणाला. "चांगलं ऐकू गेलं होतं."

त्याने खिशातून पोळी काढली, अर्धी तोडली आणि तिच्याकडे धरली. मला त्याने झाडाला टेकून ठेवले होते. तो इतका वेळ मला विसरला, असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्यानंतर दोन हंगाम लिनेट येत राहिली. नॉर्व्हल काठी घेऊन तिच्याबरोबर जाई, मी घरी राही. दुकानात वेंडेलसमोर तो सांगू लागला, "चूक पोरीची नव्हती रे. चुकीच्या बाजूची रायफल दिली मी तिला." लोक आता हसत नसत. मला चांगले वाटे. पण कपाटाचे दार बंद झाले की माझ्यापाशी कुणी नसे, हेही खरे.

तिसऱ्या वसंतात नॉर्व्हल गेला. कुरण शेजाऱ्याने भाड्याने घेतले, घराला कुलूप लागले. एक संग्राहक मला मागायला आला. त्याने माझी नक्षी चाचपली, नख तपासले आणि डोळे चमकवत म्हणाला, "बाई, तुम्ही ही कधी वापरणार तर नाही ना?"

"नाही," लिनेट म्हणाली.

"मग ठेवून काय करता?"

"पुसते," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर घ्या. तुमच्या हाताला जी बसते ती घ्या, त्यात जुन्याचा अपमान नसतो. फक्त जुनीला अंधारात ठेवून विसरू नका. ओल आम्हाला आतून खाते, आणि ते बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा दार उघडा, नळीत तेलाचा बोळा फिरवा, लाकडावरून हात फिरवा. आम्ही याहून जास्त मागत नाही.

दर ऑक्टोबरात, शाळेला सुट्टी लागली की लिनेट येते. मला पुसून झाले की ती ओसरीच्या पायरीवर बसते, मला मांडीवर आडवी घेते, थर्मासमधली कॉफी ओतते आणि डोंगराकडे बघत राहते. कॉफी संपली की मला कपाटात उभी करून, कुलूप लावून निघून जाते. तेवढ्यावर मी वर्ष काढते.