साबणाच्या गोदामातलं इस्पितळ

वहिनी गेली ती शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या बाकावर. सकाळी आठपासून पोट धरून बसली होती. कारकुनाने तिचं नाव तीनदा पुकारलं. पण त्या शहराच्या जिभेवर ते इतकं वेडंवाकडं झालं, की ते आपलंच नाव आहे हे तिला कळलंच नाही. चौथ्यांदा तो स्वतः बाहेर आला, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिची नणंद सुईण होती. समुद्र ओलांडून आलेल्या तीनशे कुटुंबांतली निम्मी पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती, म्हणून लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. पंधरा दिवसांनी एका रविवारी मावशी वस्तीला गिरणीमागच्या मैदानात बोलावून म्हणाली, "आपण आपलं इस्पितळ काढायचं."

"मावशी, आपल्याला इथे धड पाव मागता येत नाही," सुतार म्हणाला.

"म्हणूनच काढायचं."

बंदराजवळ साबणाचं एक जुनं गोदाम ओस पडलं होतं. भाड्याने मिळालं. भिंतींवर चाळीस वर्षांचा साबण चढलेला. पहिल्या दिवशी बायकांनी गरम पाणी ओतलं, तर घोट्यापर्यंत फेस. गवंडी घसरला तो थेट दारापाशी थांबला. "इस्पितळ मागाहून," तो कण्हत म्हणाला, "आधी माझी कंबर बघा." वहिनी गेल्यानंतर मावशी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

सुट्टीचे दिवस मोडून सात महिन्यांत बारा खाटा उभ्या राहिल्या. नगरपालिकेचा तपासनीस आला, भिंतीवरून बोट फिरवून म्हणाला, "झकास. पण इथला परवाना असलेला डॉक्टर कुठाय?"

डॉक्टर होता, फळबाजारात खोकी बांधत. मायदेशी त्याने शेकडो शस्त्रक्रिया केल्या होत्या; इथे त्याची पदवी कुणी विचारात घेत नव्हतं. इथली परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत बोबडी वळली.

"तिसऱ्यांदा हसं नको, मावशी," तो म्हणाला.

"तुमचं हसं आठ दिवस होईल, डॉक्टर. माझी वहिनी जन्मभर नसणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तकं काढली. बाजारातल्या सोबत्यांनी त्याची निम्मी खोकी आपसांत वाटून घेतली. नाक्यावर राहणाऱ्या शाळेतल्या निवृत्त बाई, याच शहरातल्या, रोज संध्याकाळी शिकवायला येऊ लागल्या. मावशी रुग्ण व्हायची, डॉक्टर त्या परक्या भाषेत तपासायचा आणि बाई दोघांचेही उच्चार सुधारायच्या. परीक्षेपर्यंत मावशीला एकशे चाळीस रोग होऊन गेले आणि भाषाही येऊन गेली.

निकालाच्या दिवशी डॉक्टर खाली मान घालून गोदामात आला. कुणाला विचारायचा धीर होईना. त्याने टोपी खुंटीला अडकवली.

"बाजारात सांगा," तो म्हणाला, "उद्यापासून खोकी बांधायला दुसरा माणूस बघा."

सुताराने डॉक्टरला उचललंच.

इस्पितळ उघडून तीनच दिवस झाले होते. पूल दुरुस्तीसाठी बंद, मोठ्या इस्पितळाची वाट अडलेली. तेव्हा एका ट्रामचालकाने आपल्या बायकोला गोदामात आणलं. तो शहरातला जुना रहिवासी. मूल पायाळू होतं. परके चेहरे बघून ती बाई आणखीच घाबरली.

मावशीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्याच भाषेत, स्वच्छ, विचारलं, "कळ कुठून येते, बाळा?"

बाईची मूठ सैल झाली. तासभर मावशी आणि डॉक्टर तिच्यापाशी झटत होते. मुलगी झाली, खणखणीत रडली. बापाने भिंतीला टेकून डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून तो गोदामासमोर ट्राम हळू करायचा आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगायचा, "माझी लेक इथे झाली."

लोक उतरू लागले. आधी ट्रामवाल्यांच्या बायका, मग गोदीतले हमाल, मग कुणीही. वर्षभरात बारा खाटा अपुऱ्या पडल्या, सहा वर्षांत तीन मजले चढले. तपासनिसाची आईसुद्धा तिथेच बरी झाली. शेवटी नगरपालिकेने दारासमोर ट्रामचा थांबा दिला आणि पाटी लावली: वर शहराची भाषा, खाली वस्तीची.

मावशीने पाटीसमोर उभं राहून दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. वहिनीची आठवण दाटून आली, आणि अभिमानाने ऊरही भरून आला.

"चला," ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर दोघी अडल्यात."