लाह्यांचं छत

मित्रांनो, जरा मान वर करा. मी इथे आहे, तुमच्या डोक्यावर. मी एक जुनं छत आहे. माझ्या अंगभर मक्याच्या लाह्या चिकटवाव्यात तशा पांढऱ्या, खरखरीत गाठी आहेत, म्हणून लोक मला लाह्यांचं छत म्हणतात. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका छोट्या गावात, तळ्याकाठच्या घरात मी पंचेचाळीस वर्षं काढली. उद्या सकाळी माणसं येऊन मला उतरवणार आहेत. त्याआधी माझी कहाणी ऐका. जवळ येऊ नका, तिथूनच ऐका.

मला जन्म दिला व्हर्लिन हौगेननं. छतं फवारणं हाच त्याचा धंदा. त्या काळी आमची काय चलती होती म्हणून सांगू! गुळगुळीत छत करायचं तर कारागीर दोन-तीन दिवस घासत बसे, आणि वर एखादा सांधा वाकडा दिसला की मालकाची बोलणी खाई. आम्ही मात्र एका दुपारी तयार. नळीतून फवारा मारला की वाकडे सांधे झाकले जात आणि खोलीतला आवाजही घुमत नसे. लोक खूश, कारागीर त्याहून खूश.

१९७९ साली व्हर्लिननं स्वतःचं घर बांधलं. तोवर फवाऱ्याच्या जुन्या मिश्रणावर बंदी आली होती. त्यात ॲस्बेस्टॉस असे, केसाहून कितीतरी बारीक तंतूंचं. ते श्वासाबरोबर छातीत गेलं की बाहेर येत नाही, आणि पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. बाजारात नवा माल आला होता, पण व्हर्लिनच्या कोठारात १९७१ सालच्या अकरा गोण्या पडून होत्या.

त्याचा धंद्यातला जोडीदार ड्वेन म्हणाला, "अरे, हा माल बंद झालाय ना?"

"लोकांच्या घरात मारायला बंद झालाय. माझ्या घरात मारायला कोण येतंय अडवायला? चांगला माल काय उकिरड्यावर टाकू?"

या गावात पावाची रिकामी पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालतात. ड्वेनला ते पटलं. त्यानं गोण्या पाठीवर मारल्या आणि घरात आणून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत मी तयार झालो. शेजारीपाजारी माना वर करकरून मला बघून गेले. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे व्हर्लिनची नात ब्रिटा या घरात रांगली. पाच वर्षांची झाल्यावर ती गालिच्यावर उताणी पडून माझ्या गाठींत अस्वलं शोधायची. एकदा तिनं झाडूचा दांडा उचलून मला ढोसलं. पांढरे कण भुरभुरत तिच्या केसांवर आले.

"आजोबा, बर्फ! घरात बर्फ!"

"पाड अजून, पाड! थांब, फावडं घेऊन येतो!" व्हर्लिन पोट धरून हसत होता.

मग तो रोजचाच खेळ झाला. मलाही तेव्हा त्याची मौज वाटायची. आज ते आठवलं की नकोसं होतं.

हळूहळू माझे दिवस फिरले. माझ्या गाठींत जळमटं अडकायची, आणि पुसायला जावं तर गाठीच निखळून पडायच्या. व्हर्लिनच्या सिगारेटींनी मी पिवळा पडलो. छप्पर गळलं तेव्हा तपकिरी डाग पडला, तो काही केल्या लपेना. रंग द्यायला गेले तर माझे पोपडे सुटून रंगाबरोबर खाली आले. गावात एकेक घर माझ्या भावंडांना काढून टाकू लागलं. 'म्हाताऱ्यांचं छत' असं आमचं नाव पडलं.

व्हर्लिनला खोकला लागला तो गेलाच नाही. अडुसष्टाव्या वर्षी तो वारला. "सिगारेटी भोवल्या," सगळे म्हणाले. तेवढंच खरं होतं की नाही, ते आता कोण सांगणार?

गेल्या वर्षी ब्रिटा आणि तिचा नवरा कोडी इथे राहायला आले. मार्चमध्ये बाळ होणार होतं. जानेवारीत कोडीनं बाळाची खोली करायला घेतली.

"आधी तपासून घेऊ या ना," ब्रिटा म्हणाली. "चिमूटभर तुकडा पाठवायचा, बस्स."

"कागद बघ ना, बाई. घर एकोणऐंशीचं, बंदीनंतरचं. आणि खरवडण्याआधी पाणी मारलं तर खालच्या लाकडी जमिनीचं वाटोळं होईल. कोरडंच काढतो. दोन दिवसांत उरकतो बघ!"

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सगळ्या खिडक्या बंद. तळघरातल्या हीटरचा पंखा घरभर गरम हवा फिरवत होता. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही. मला फक्त धूळ आहे, आणि कोडीच्या खरवडायच्या पात्याचा प्रत्येक फटका बसला की तीच बाहेर पडत होती. शेजारच्या खोलीत ब्रिटा बाळाचे कपडे घडी करत होती. त्या कपड्यांवरही मी बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातला ड्वेन आला. आता तो म्हातारा झाला होता, नाकात प्राणवायूची नळी होती. हातात भाजलेल्या बटाट्यांचं गरम भांडं होतं. दारात येताच त्याला जमिनीवरची पांढरी धूळ दिसली.

"कोडी, थांब! आधी तो पंखा बंद कर!"

"काय झालं, ड्वेनआजोबा? घर एकोणऐंशीचं आहे."

"घर एकोणऐंशीचं. छत एकाहत्तरचं आहे, पोरा. गोण्या मीच वाहिल्या होत्या."

कोडीच्या हातातलं पातं खाली पडलं. त्याच तासाला दोघं घर सोडून गेली. आठवड्यानं तपासणीचा कागद आला, आणि ड्वेनचं म्हणणं खरं ठरलं.

मार्चमध्ये मुलगी झाली. गुटगुटीत आहे. डॉक्टर म्हणाले, काही होईलच असं नाही, पण झालं तर ते तीस-चाळीस वर्षांनी कळतं.

मित्रांनो, घर जुनं असेल तर कागदावरच्या सालावर विसंबू नका. मला कोरडं खरवडू नका. आधी जाणत्या माणसाला बोलवा, माझा तुकडा तपासायला पाठवा. मी धड असतो तेव्हा मुकाट पडून राहतो. छेडलंत, की मी घरच्यांच्या छातीत शिरतो.

आज ब्रिटा शेवटचं बघायला आली. तोंडाला मास्क बांधून ती उंबरठ्यातच थांबली. मागे पायरीवर ड्वेन उभा होता. तिनं वर पाहिलं. जिथे लहानपणी दांडा लागायचा तिथे माझ्या अंगावर अजून खळगे आहेत. तिनं त्यांच्याकडे बोट केलं.

"ड्वेनआजोबा," ती हळूच म्हणाली, "मी लहानपणी बर्फ पाडायचे, तोसुद्धा हाच ना?"

ड्वेननं मान खाली घातली. ब्रिटानं माझ्याकडे पाहत श्वास रोखून धरला.