जांभळा गाऊन, पांढरी साडी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये अडथळा नको. मी गाऊन बोलतोय. रंग जांभळा, त्यावर पिवळी फुलं, आणि फुलं म्हणजे एकेक पोळीएवढं. गळ्यापासून पोटापर्यंत चेन. खिसा एकच, पण त्यात बाळाचं टोपडं, अर्धा डिंकाचा लाडू आणि मोबाइल एकदम मावतो. गावात सकाळी दूध घ्यायला, दुपारी दळण टाकायला आणि संध्याकाळी शेजारणीशी बोलायला बायका मलाच घालून जातात, वरून फक्त दुपट्टा. तरीही कपड्यांत माझी गणती कुणी करत नाही. पाहुणे आले की घरात पहिली ओरड होते, ‘थांबा, कपडे घालून येते.’ मग अंगावर आहे ते काय आहे?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा राजुऱ्याच्या बाजारात दोरीला लटकत होतो. भर उन्हाळा. गिरजाबाई आल्या, माझी चेन वर-खाली करून पाहिली, ओल्या अंगठ्यानं रंग जातो का ते तपासलं आणि दोन्ही बाजूंनी धरून मला असं ताणलं की माझा जीव कासावीस झाला.

“पोरगी बाळंतीण होनार हाये,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “असा गाऊन पायजे का त्यात दोघी मावल्या पायजे.”

“बाई, यात तिघी मावतीन.”

मला ती स्तुती वाटली. अजूनही वाटते.

गिरजाबाईंची मुलगी संघप्रिया. गडचांदूरला तिचं स्वतःचं ब्युटी पार्लर. नवरा आदेश तिथंच सिमेंटच्या कारखान्यात वायरमन. बाळंतपणासाठी ती माहेरी, राजुऱ्याला आली होती. नेलपेंटपासून चपलेपर्यंत सगळं जुळवणारी बाई. नवऱ्या मुलींना ती ऋतू पाहून सल्ला द्यायची. उन्हाळ्यात फिकट रंग घाला, पावसाळ्यात झुळझुळीत कापड घ्या, हिवाळ्यात गडद शोभतं. अशा बाईसमोर गिरजाबाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं.

“आई, पडदा काऊन आनला?” तिनं विचारलं.

तिथून आमची ओळख.

आठवड्याभरात मुलगी झाली. आता खरी गंमत ऐका. बाहेर ऊन असं, की कुत्री नालीत जाऊन बसलेली, आणि घरात बाळंतिणीच्या अंगावर मी, माझ्यावर नारंगी स्वेटर, पायात मोजे, कानाला घट्ट फडकं. कूलर बंद. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. स्वेटर बिचारा पेटीतून नुकताच निघालेला, तो मला सारखा विचारायचा, “हिवाळा लवकर आला का रे यंदा?” मी घामानं चिंब.

“आई, मले उकडून राह्यलं.”

“उकडू दे. कानात वारा गेला का जन्मभर डोकं दुखते.”

“वारा हाये तरी कुठी? झाडाचं पान नाई हालून राह्यलं.”

“तोच वाईट असते. दिसत नाई.”

संघप्रिया लेकीकडे वळून म्हणायची, “मी गिऱ्हाइकाले सांगत होतो, उन्हाळ्यात फिकट रंग घाला म्हनून. न हे पाय तुही आई. उकडलेलं वांगं!” मुलगी यावर एकदम गोड हसायची आणि लगेच माझ्यावर दूध काढायची.

पावसाळ्यात माझे हाल वेगळे झाले. दिवसातून तीनदा धुतलं जाणं आणि एकदाही न वाळणं. माझ्या बदलीला एक तपकिरी गाऊन होता, पण तो भित्रा, पहिल्याच धुण्यात आखडून बसला. मग मी एकटाच. दोरीवर माझ्याभोवती बाळाची लंगोटं, आणि खाली तीच शेगडी. ओवा, लसूण, धूर, दूध आणि दमट कापड, असा माझा एक स्वतःचा सुगंध तयार झाला. आदेशची बहीण नूतन बाळाला पाहायला आली, वहिनीच्या गळ्यात पडली आणि नाक आक्रसून म्हणाली, “वहिनी, कोनता सेंट हाये हा? ओव्याचा?”

संघप्रिया हसली, पण मी तिच्या अंगावर होतो, मला माहीत आहे ती किती हसली ते. नूतन गेल्यावर तिनं मोबाइलवर जुने फोटो काढले. आखूड कुर्ती, जीन्स, लांब कानातले, गॉगल. ती लेकीला दाखवू लागली. “हे पाय, ही तुही आई. ही पन तुही आई.” मग मोबाइल उशीवर पालथा ठेवला. नंतर म्हणाली, “हे बाई कुठी गेली असंल वं?” डोळे तिनं माझ्याच बाहीला पुसले. मला फार वाईट वाटलं. माझ्या खिशात रुमाल होता, पण मी तो काढून कसा देणार?

त्याच सुमारास घरात मुलीच्या नामकरणाचं ठरलं. हिवाळ्यातल्या पौर्णिमेला, सासरी जायच्या आधी. बौद्धाचार्य येणार, वंदना होणार, सगळे पांढऱ्या कपड्यांत. सासरचे, माहेरचे, सगळी आळी येणार. संघप्रिया ताडकन उठून बसली.

“आई, त्या दिवशी मी गाऊनात दिसनार नाई. त्या दिवशी मले मीच दिसली पायजे.”

“बरं,” गिरजाबाई माझा घेर हातात धरून म्हणाल्या. “मंग याचं पोतेरं करतो. एका फेऱ्यात खोली पुसून होईल.”

ऐकलंत? माझ्याच अंगाखांद्यावर ते पोर वाढलं, आणि माझ्यासमोरच माझी व्यवस्था ठरली! त्या दिवसापासून मला फरशीकडे बघवेना.

तयारी सुरू झाली. पांढरी जरीकाठी साडी आली. ब्लाऊज मात्र तिला तसलं पाहिजे होतं, पाठ मोकळी, मागून दोऱ्या, दोऱ्यांना लटकन. शेजारच्या मैनाबाई आळीच्या शिलाईवाल्या. आमच्याकडे कोण टेप लावून माप देतं? मापाला जुनं ब्लाऊज द्यायचं, की झालं. संघप्रियानं पेटीतून ब्लाऊज काढलं ते लग्नातलं.

मैनाबाईंनी ब्लाऊजकडे पाहिलं. मग संघप्रियाकडे पाहिलं. मग परत ब्लाऊजकडे.

“थोडं मोकळं ठेवू का वं?”

“नाई. याच मापाचं.”

“पोरगी दूध पिते अजून…”

“काकू, याच मापाचं.”

मैनाबाईंनी खडू कानावर ठेवला. मी खुंटीवरून ओरडून सांगत होतो की बाई गं, तुझं माप मला विचार, मी रोज घेतो. पण कापडाचं कोण ऐकतं?

पौर्णिमेची सकाळ उजाडली. अंगणात मंडप, सतरंज्या, खिरीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर. मला न्हाणीघराच्या दाराला टांगलं होतं, खाली बादली, बादलीत फिनेल. तिथून खोलीतला आरसा नीट दिसत होता. संघप्रियाला साडी नेसवायला नूतन आली होती. ब्लाऊज अंगात गेलं, पण मागं दोन्ही टोकांची भेट काही होईना. मग नूतननं वहिनीच्या पाठीला गुडघा लावला.

“श्वास सोडा, वहिनी. अजून सोडा. आता घेऊ नोका.”

गाठीवर गाठ, त्यावर पिन. आणि खरं सांगतो, मत्सर बाजूला ठेवून सांगतो, संघप्रिया सुंदर दिसत होती. आरशात पाहून तिचे डोळे चमकले. तिनं मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला. तिला ती बाई सापडली होती. श्वास तेवढा घेता येत नव्हता.

बाहेर मेणबत्त्या लागल्या, वंदना सुरू झाली, आणि मुलगी रडायला लागली. भुकेचं रडणं. आदेशनं तिला खांद्यावर घेऊन अंगणात दोन चकरा मारल्या. गिरजाबाईंनी खुळखुळा वाजवला. कुणीतरी बाटली आणली, पोरीनं ती थुंकून दिली. शेवटी तिला आत आईजवळ आणलं.

“नूतन, दोरी सोड.”

नूतननं नखानं ओढून पाहिली. दातानं ओढून पाहिली. हिवाळ्यातही घाम फुटला, घामानं गाठ अजून आवळली. समोरून ब्लाऊज वर सरकवावं तर ते जागचं हलेना. मुलगी लालबुंद झाली. तिच्या रडण्यापुढे बाहेरची वंदना ऐकू येईना, तेव्हा मंडपातून मैनाबाई उठून आत आल्या. त्यांच्या पिशवीत कात्री असतेच.

“मी म्हनलं होतं,” एवढंच म्हणाल्या. संघप्रिया रडवेल्या आवाजात म्हणाली, “काप, काकू.”

दोरी तुटली आणि ब्लाऊजनं असा सुटकेचा श्वास सोडला की एक हूक उडून पाण्याच्या पितळी गुंडावर टण्णकन आदळला. आता ते परत बसणं शक्य नव्हतं. गिरजाबाईंचं ब्लाऊज आणलं, ते दंडातच अडकलं. बाकी सगळी ब्लाऊजं त्याच लग्नातल्या मापाची. आणि मुलगी थांबायला तयार नाही. संघप्रियानं इकडेतिकडे पाहिलं, न्हाणीघराच्या दाराशी आली आणि मला फिनेलच्या तोंडातून ओढून काढलं.

साडी फेडून नूतनच्या हातात गेली आणि डोक्यावरून मी आत गेलो. चेन खाली आली. पोर दूध प्यायला लागली आणि खोलीत एकदम शांतता झाली. पोरीनं माझं एक फूल मुठीत धरलं होतं. आयुष्यात मला एवढं महत्त्वाचं कधीच वाटलं नव्हतं.

बाहेरून हाक आली. “आना बाळाले, नाव ठेवायचं हाये.”

नूतन हळूच म्हणाली, “वहिनी, तुम्ही आतच बसा. तुमच्या आई बसतीन बाळाले घेऊन. अशा कशा जान तुम्ही?”

संघप्रिया आरशासमोर उभी राहिली. डोळ्यातलं काजळ गालावर, केस सुटलेले, अंगावर मी. मी अंग चोरून घेतलं. मला वाटलं, आता ही मला उतरवून भिरकावणार. तिनं मात्र गाल पुसले.

“माह्या पोरीचं नाव ठेवून राह्यले न मी आत बसू? साडी दे इकडे. याच्यावरूनच नेसतो.”

आणि मग माझ्यासमोर पार्लरवाली जागी झाली! काय हात चालत होते तिचे! साडी माझ्यावरून गेली, माझा सगळा घेर कमरेशी गोळा करून दाबला. मी पोट आत ओढून धरलं. पदर असा काढला की माझी पिवळी फुलं खांद्यावर आणि बाह्यांवर बरोबर उठून दिसली. “हिवाळा हाये, गडद चालते,” असं स्वतःशीच म्हणत तिनं वाइन रंगाची लिपस्टिक लावली आणि मंडपाच्या माळेतला झेंडू मागवून केसांत खोवला. मग लेकीला कडेवर घेतलं आणि ताठ चालत बाहेर गेली.

पांढऱ्याशुभ्र माणसांत आम्ही! सगळे वळून पाहू लागले. आदेशनं तर जवळ येऊन विचारलं, “साडीवर आतून फुलं दिसून राह्यली, डिझाइन हाये का?”

“हो. नवीन निंगाली.”

बौद्धाचार्यांनी मुलीचं नाव उत्पला असं सांगितलं, सगळ्यांनी ‘साधु, साधु’ म्हणत साधुकार केला, फुलं टाकली. उत्पलानं पोट भरल्याची ढेकर दिली. माझ्या बाहीवर दिली, पण त्या दिवशी मला सगळं मान्य होतं.

खीर वाटताना एक बाई संघप्रियाजवळ आली. “हे ब्लाऊज कुठून शिवलं वं? प्रिंट भारी हाये. न समोरून चेन! आमच्या सुनेले असंच पायजे.”

संघप्रिया काही बोलायच्या आत मैनाबाई मागून म्हणाल्या, “मीच शिवलं.” म्हणून मोकळ्या! त्या दिवशी त्यांनी चार मापं घेतली, आणि चारही टेपनं.

संध्याकाळी गिरजाबाईंनी मला धुऊन वाळत घातलं आणि बादलीकडे पाहिलंच नाही. सासरी जायच्या आधी मैनाबाईंच्या कात्रीखाली मात्र मी गेलो. भीती वाटली, खोटं का बोलू? पण उठलो तेव्हा वरच्या अर्ध्याचं ब्लाऊज झालं होतं, चेनसकट, आणि खालच्या घेरातून उत्पलाचा फ्रॉक निघाला होता. एकच फूल तिच्या अख्ख्या पोटावर. आजकाल मायलेकींनी सारखे कपडे घालून फोटो काढायची फॅशन आहे म्हणे. आमचा तो फोटो पार्लरच्या भिंतीवर लावलाय.

सध्या माझा मुक्काम गडचांदूरला. उन्हाळा पुन्हा लागलाय, कूलर मात्र सुरू असतो. परवा मी संघप्रियाच्या अंगावर होतो, तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. भाग्यश्री नाव. कडेवर तान्हं, अंगावर हिरवा गाऊन, वरून दुपट्टा. आत लग्नाच्या मेकअपला आलेल्या मुली पाहून ती तिथूनच वळली.

“मी अशीच आलो होतो, बाई. कपडे बदलायले वेळच नाई भेटला. मंग येतो.”

“कपडेच घातले हायेत न? मंग झालं तर,” संघप्रिया म्हणाली. “बाळाले माह्याजवळ दे आधी न बस.”

भाग्यश्री बसली. दुपट्टा काढून मांडीवर घेतला. तिचा गाऊन आरशातून माझ्याकडे भेदरून पाहत होता. मी त्याला खूण केली, ताठ बस म्हणून.

तुम्हालाही एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी दिवसभर आमच्यासारख्यात वावरत असेल, तर तिला तयार का होत नाहीस म्हणून विचारू नका. तिच्या कडेवरचं बाळ थोडा वेळ तुम्ही घ्या. आरशापर्यंत ती आपली आपण जाते.