अप्पांचं ‘ट्राय करतो’

सुरुची दादरच्या एका कचेरीत इंग्रजी-मराठी शब्दकोश रचायचं काम करायची, आणि त्या आठवड्यात तिच्या वाट्याला ‘ट्राय’ आला होता. एवढासा शब्द, पण पानभर जागा अडवून बसलेला. प्रयत्न करणं हा त्याचा अर्थ बराच धाकटा निघाला. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा तो नुसता ‘निवडणं’ होता, चांगलं एकीकडे, वाईट दुसरीकडे. मग कोर्टवाल्यांनी त्याला उचललं, खऱ्याखोट्याची निवड करायला. त्याच्याही मागे तो कुठला, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही.

मुंबईतला अर्थ मात्र कुठल्याच कोशात नव्हता. मुंबईत ‘ट्राय करतो’ म्हणजे ‘येणार नाही’. सुरुची हा अर्थ घरीच शिकली होती. गिरगावातलं त्यांचं प्रभूंचं जुनं, मासळीवर जीव टाकणारं घराणं. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांच्यात असभ्यपणाचं. त्यात तिचे वडील अप्पा भोईवाडा कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, शब्द तोलून टाकणारे. आत्याच्या वास्तुशांतीला ‘ट्राय करतो’, डॉक्टरांनी रोज फिरायला जा म्हटलं तरी ‘ट्राय करतो’. दोन्हीकडे स्वारी गेली नाही ती नाहीच.

त्यामुळे “रविवारी निमेशच्या घरी येताय ना?” या प्रश्नाला अप्पा “ट्राय करतो” म्हणाले, तेव्हा सुरुचीनं ते ‘नाही’च धरलं. निमेश वरळी कोळीवाड्यातला. लग्न तिला त्याच्याशीच करायचं होतं. पण आई गेल्यापासून घरात दोघंच, अप्पांना बाजूला सारून बोहल्यावर चढायची तिची छाती होत नव्हती.

रविवारी ती उठली तर अप्पा घरात नाहीत. फोन टेबलावर पडलेला.

“पळाले!” ती फणकारली, आणि एकटीच वरळीला गेली.

निमेशच्या आईनं, दमयंतीबाईंनी, दारातच विचारलं, “बाबा नाय आले गं?”

“ट्राय करतायत,” सुरुची म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. शेवटी तीही त्याच घरची.

चहा निवला, गप्पा ओढूनताणून चालल्या, आणि अचानक दारात अप्पा उभे! कडक इस्त्रीचा सदरा, घामानं डबडबलेले, हातात पिशवी. ती त्यांनी मोठ्या अदबीनं दमयंतीबाईंपुढे धरली. आत पापलेटं होती.

कोळ्याच्या घरी मासळीची भेट! निमेश छताकडे बघायला लागला. सुरुचीला कुठे तोंड लपवू असं झालं.

दमयंतीबाईंनी एक पापलेट उचललं आणि कल्ला उघडून बघितला. “अप्पासाहेब, यो कुनी मारला तुमच्या गळ्यात? बर्फातच म्हातारा झालाय!”

प्रभू माणसाला काहीही बोलावं, त्याच्या मासळीच्या पारखेला बोलू नये.

“मी स्वतः निवडलंय!” अप्पा कडाडले. “सकाळपासून दोन बाजार पालथे घातलेत!”

“मग चला, बघू तुमची पारख.”

मागच्या पडवीत होडीवरून आलेली मासळी पसरली होती. इस्त्रीचा विचार न करता अप्पांनी पाट ओढला, आणि दोघं हुज्जत घालत निवडायला बसली.

“ही चांगली आहे, ठेवा.”

“नाय वो, ती सुकवायला!”

“अहो बाई, कल्ला बघा!”

दमयंतीबाई खदखदून हसत होत्या. अप्पा प्रत्येक वेळी हरत होते, तरी आई गेल्यापासून इतकं रंगात आलेलं सुरुचीनं त्यांना पाहिलं नव्हतं. ‘ट्राय’चा जुना अर्थ तिच्यासमोर पाटावर बसला होता, पण आता तिला कोशाशी काही देणंघेणं नव्हतं. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

“अप्पा, अहो, इथे कुणी मासळी आणतं का?” ती कुजबुजली.

“मला कळत नाही होय?” अप्पा मान वर न करता म्हणाले. “यायचं की नाही, रात्रभर माझं ठरत नव्हतं. पहाटे ठरलं. मग म्हटलं, लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं, तर हात हलवत कसं जायचं?”

सासरी! सुरुचीला एकदम रडूच फुटलं. आपले मासळीचे हात लागू नयेत म्हणून दमयंतीबाईंनी तिला कोपरानंच जवळ ओढलं.