छातीवरचा शेला

मित्रांनो, माझे विरलेले काठ बघून हसू नका. मी एक जुना सुती शेला आहे. सप्ताहात एका कीर्तनकारबुवांनी मला वर्तकनगरच्या सहदेव आजोबांच्या खांद्यावर घातलं, तेव्हापासून मी त्यांचा. ते टाळ घेऊन पावली खेळत आणि मी त्यांच्या घामाने भिजून डोलत असे. केवढं माझं भाग्य! पुढे त्यांचे गुडघे गेले. मला कडुलिंबाच्या पाल्यासोबत पेटीत ठेवून ते सुनेला म्हणाले, "हा मला शेवटच्या दिवशी घाला." मी अंधारात त्या दिवसाची वाट पाहत पडलो.

पेटी उघडली तेव्हा मात्र दुधाचा वास आला. घरात आजोबांची नात, तान्ही सान्वी आली होती. तिच्या आईची, दक्षताची, रजा सोमवारी संपणार होती. बाप संदेश रात्रपाळीचा. दिवसा बाळ त्यानेच सांभाळायचं ठरलेलं. पण त्याच्या हातात ती रडून लाल व्हायची. शेजारच्या मालूमावशीने बजावलेलं, हाताची सवय लावू नकोस, मग बस जन्मभर उचलून. म्हणून डोळा लागला रे लागला की तो तिला पाळण्यात टाकी, आणि ती टक्क जागी. दक्षता नोकरी सोडायचं बोलू लागली. संदेश खाली मान घालून म्हणाला, "तिला मी नकोच आहे."

आजोबांनी मला त्याच्या हातात दिलं. "बांध तिला छातीशी. तोंड उघडं ठेव, श्वास दिसला पाहिजे. आणि पावली टाक, बसू नकोस."

"बाबा, हा तर तुमचा..."

"बांध म्हणतो ना."

आजोबा हलकेच अभंग गुणगुणू लागले, संदेश चालू लागला. मित्रांनो, मी त्या दोघांना वेढून होतो. एकीकडे बापाचं संथ काळीज, दुसरीकडे चिमणीएवढं, धावणारं. हळूहळू तेही ठेक्यावर आलं. रडं थांबलं, मुठी सैलावल्या. आयुष्यभर मृदंग ऐकले, पण असा गजर नाही ऐकला. देव याहून जवळ कुठे असेल?

संदेश पाळण्याकडे वळला. आजोबांनी त्याला अडवलं. "थांब रे. अभंग संपला की लगेच कोणी उठतं का? टेक जरा, झोप मुरू दे."

मग ठेवली, तेव्हा तिने फक्त ओठ चाटले. संदेश पाळण्याजवळून हलेना. "बाबा, तिने माझा शर्ट धरून ठेवलेला," एवढंच म्हणाला.

सोमवारी दक्षता कामावर गेली. मालूमावशी डोकावल्या, लागली ना सवय, म्हणून टोमणा मारला. संदेश हसला. "लागली मावशी. मला."

आजोबांनी सुनेला सांगितलंय, त्या दिवसासाठी दुसरा शेला आण, हा आता कामात आहे.

मित्रांनो, तान्हं बाळ रडलं तर सवयीचं भय धरू नका. उचला, काळजाशी घ्या, चार पावलं चाला. आणि मला धुताना फार पिळू नका. उद्या पुन्हा कीर्तनाला उभं राहायचंय.