तापलेली स्कूटर, लांबलेलं प्रवचन

पिएत्राकोर्वा गावात रविवारचं प्रवचन किती लांबणार, हे बायबलवर नव्हे, हवेवर ठरायचं. जानेवारीत फादर इलारियो सैतानाला चार वाक्यांत नरकात ढकलून मोकळे होत. ऑगस्टात तोच सैतान दुपार कलली तरी हटत नसे. एका उन्हाळ्यात म्हणे प्रवचन सुरू झालं तेव्हा जेरार्दो न्हावी गुळगुळीत दाढी करून बसला होता, आणि आमेन म्हणायची वेळ आली तेव्हा त्याच्याच गालांना पुन्हा वस्तरा हवा होता.

सगळा दोष स्कूटरचा. फादर राहायचे खिंडीपलीकडच्या मोठ्या गावात. खिंड चढून, उतरून येईतो स्कूटर तापायची, चर्चच्या पायऱ्यांशी एक आचका देऊन बंद पडायची, आणि गार झाल्याशिवाय ढिम्म हलायची नाही. नवीनवी होती तेव्हा एकदा फादरांनी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, वेळेत आटोपली आणि झगा वर खोचून अख्ख्या गावादेखत किक मारायला घेतली. मारता मारता त्यांच्या तोंडून जे शब्द सांडले ते कुठल्याही प्रार्थनापुस्तकात सापडले नसते. म्हाताऱ्यांनी कान झाकले, पण बोटांत फट ठेवून. त्या दिवसापासून फादरांनी कानाला खडा लावला: स्कूटर गार होईतो व्यासपीठ सोडायचं नाही.

गावानं सोसलं. पुरुष झोपायला शिकले, बायका बसल्या बसल्या विणायला. पण एका ऑगस्टातल्या रविवारी विधवा कार्मोझीनाला हे परवडणारं नव्हतं.

तिची एकुलती एक मुलगी मिम्मा आणि तेलाच्या घाण्यावरचा साविनो यांचं वर्षभर जमलं होतं. रिवाज असा, की दोन्ही घरांनी एका बाकावर बसून मिस्सा ऐकायची, मग मुलीकडे जेवायचं, आणि त्या पंगतीत मुलाच्या बापानं शब्द द्यायचा. आणि साविनोचा बाप म्हणजे घाणेवाला कानियो! पोटात अन्न असलं की देवमाणूस. पण बाराचा टोला पडला आणि पोट रिकामं राहिलं, की त्याच्या तोंडून एकच शब्द निघे: नाही. एकदा अशा वेळी पोस्टमननं विचारलं, "कानियो आपणच का?" तर म्हणाला, "नाही." तार परत गेली. शिवाय एकदा ‘नाही’ म्हटलेलं तो जेवल्याशिवाय मागे घेत नसे, आणि रागात असला की जेवायला बसत नसे.

त्या दिवशी दोन्ही घरं पुढच्याच बाकावर बसली. साविनोची आई वाकून कार्मोझीनाच्या कानात कुजबुजली, "विहीणबाई, सकाळपासून यांनी नुसती कॉफी घेतलीय. बारापर्यंत मी धरून ठेवते. पुढचं देवाच्या हाती."

तेवढ्यात फादर व्यासपीठावर चढले, घाम पुसला आणि म्हणाले, "बंधूंनो, आज आपण नोहाच्या तारवाकडे वळू."

अख्ख्या चर्चमधून एक सुस्कारा निघाला. नोहा म्हणजे सगळी जनावरं आली. जोडीजोडीनं.

"रस्सा बघून येते हं," असं पुटपुटत कार्मोझीना उठली आणि स्वयंपाकघराऐवजी तडक पायऱ्यांवर आली. तिथे जेरार्दो न्हावी आणि एलिजो लोहार सावलीत बसले होते. आत उकडतं, म्हणून ते दोघे बाहेरूनच भक्ती करायचे.

"बसलात काय नुसते? उठा! ही स्कूटर आत्ताच्या आत्ता सुरू झाली पाहिजे. तिचा आवाज ऐकल्याशिवाय हा माणूस काही थांबत नाही."

"मावशी, तिला ताप आलाय," जेरार्दो म्हणाला. "इंजिनावर ओलं फडकं टाका. ताप उतरला की उठेल."

"तू फडकी टाक गिऱ्हाइकांच्या गालावर," एलिजो गुरगुरला. "तापल्या लोखंडावर पाणी मारशील तर तडकेल ते. सरक."

लोहारानं प्लग खोलला, बोटं पोळली तशी दोनतीन संतांची नावं घेतली, प्लग इंजिनाच्या डोक्याला टेकवून धरला आणि म्हणाला, "हाण किक!" जेरार्दोनं हाणली. टच्‌कन निळी ठिणगी उडाली.

"बघ! वीज ठणठणीत आहे. आणि प्लग कसा, उन्हात वाळवल्यासारखा कोरडा. पेट्रोलच पोचत नाहीये हिच्यापर्यंत."

"टाकीत असेल तर ना पोचेल!"

एलिजोनं स्कूटर हलवली. आत डचमळ झाली. त्यानं नळी काढून बघितली. एक थेंब पडला. विचार करून दुसरा पडला. तिसऱ्यानं विचारच बदलला.

"टाकी भरलेली, तोटी उघडी, आणि पेट्रोल उतरत नाही?" जेरार्दोनं कपाळावर क्रूस काढला. "फादरांनीच काहीतरी पाप केलेलं दिसतंय."

आतून आवाज आला, "मग उंट आला. आणि उंटामागून, बंधूंनो, उंटीण."

कार्मोझीना त्या नळीकडे टक लावून बघत होती. असं थेंबथेंब अडणं तिनं जन्मभर पाहिलं होतं. "अरे, हा तर माझा तेलाचा डबा!" ती ओरडली. "नव्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल असंच गुदमरतं. समोरून दुसरं पाडलं, हवा आत गेली, की धार लागते. हिचं दुसरं भोक कुठाय?"

"झाकणात असतं, बारीकसं," म्हणत एलिजोनं सीट उचललं.

आणि तिघंही वाकून बघू लागली. झाकणाच्या बरोब्बर मधोमध, पक्क्या सरसानं चिकटवलेलं, पितळेचं वाटोळं पदक: खांद्यावर बाळ येशूला घेतलेला संत क्रिस्तोफर, प्रवाशांचा रखवाला.

"आता हा कुणी बसवला इथे?" एलिजोनं विचारलं.

"देव जाणे," कार्मोझीना म्हणाली. आणि देव खरोखरच जाणत होता, कारण स्कूटरला आशीर्वाद द्यायच्या दिवशी ‘जिथून पिते तिथेच संत हवा’ असा हट्ट धरून, सरस फासून, मुठीनं ठोकून ते पदक तिनंच बसवलं होतं. दोन वर्षं संत क्रिस्तोफर इमानेइतबारे त्या भोकावर बसून होते.

"काढ ना मग," ती म्हणाली.

"मी? संताला खरवडू?" एलिजोनं हात पाठीमागे नेले. "माझा हात लुळा पडला तर घण कोण उचलणार?"

"आणि मला उद्या लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरायचाय," जेरार्दो म्हणाला. "लोकांचा विचार करा, मावशी."

आत अस्वलं चढत होती. घड्याळाचा मोठा काटा बाराकडे सरकत होता. कार्मोझीनानं अंबाड्यातली जाड पिन उपसली आणि पदकापाशी वाकली. "बाबा रे," ती म्हणाली, "जन्मभर लोकांना नदीपार नेलंस, माझ्या पोरीला अडवू नकोस. जरा उतर. तुला पुढे, दिव्यावर बसवते. रस्ता तरी दिसेल."

पिन सरकली, पदक सुटलं, आणि झाकणातून असा सुस्कारा निघाला, की घंटाघरातली सगळी कबुतरं उडाली आणि त्यातली दोन म्हणे आजवर परतली नाहीत. नळीला धार लागली. एलिजोनं नळी जोडली, प्लग बसवला. जेरार्दोनं किक मारली. पहिल्याच किकेला स्कूटर अशी गर्जली, की पायऱ्यांवर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

आत फादर साळिंदरापाशी आले होते. "आणि साळिंदराची मादी, बंधूंनो..." ते थांबले. तो आवाज त्यांनी ओळखला. मग आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. पुन्हा सुरू. तापलेली, आणि सुरू! फादरांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की पुढच्या बाकावरच्या म्हातारीला वाटलं, देवदूतच दिसला.

"उरलेली सगळी जनावरं आत आली," फादर घाईघाईनं म्हणाले, "दार लागलं, पाऊस पडला, पाऊस थांबला. आमेन."

उरलेली मिस्सा त्यांनी अशी पळवली की लॅटिनला धाप लागली. तरी शेवटचा आशीर्वाद होईतो बाराचे टोले पडलेच. दारात कार्मोझीना उभी होती, नखांत सरस, केस सुटलेले.

"उकाडा आहे नाही, कानियोभाऊ?" तिनं भीतभीत विचारलं.

"नाही," कानियो म्हणाला. त्याच्या नाकावरून घाम टपटपत होता.

साविनोच्या आईनं डोळे मिटले. पण कार्मोझीनानं वाद घातला नाही, उत्तराची वाटही पाहिली नाही, ती पळाली. कानियोनं रागवायला तोंड उघडेपर्यंत मिम्मानं त्याच्या हाताखाली हात घालून त्याला घरी आणून बसवलंही होतं, आणि रागवावं कशावर हे त्याला आठवायच्या आत मटणाच्या रश्शात घोळलेला पास्ता समोर आला. फादरही आले, त्यांना आज कुठलीच घाई नव्हती.

"लग्न नाही," कानियो पहिल्या घासाआधी म्हणाला.

पहिली थाळी संपली. "बघू," तो म्हणाला.

दुसरी संपली. "पुढच्या वर्षी, ईस्टरला."

कोकराची मांडी आली. "ईस्टर कशाला? ऑक्टोबरात उरकू."

वांगी आली, तेव्हा ऑक्टोबराचा सप्टेंबर झाला. बदामाच्या वड्या आणि कार्मोझीनाची कडू दारू आली, तेव्हा कानियोनं टेबलावर मूठ आपटली. "आत्ताच लावा! फादर इथेच आहेत. काय फादर?"

"मी तयार आहे," फादर तोंडात वडी धरून म्हणाले.

"आणि मी नाही!" मिम्मा उसळली. "मला झगा शिवायचाय."

"शिवू दे तिला, बाबा," साविनो म्हणाला. "मी थांबतो."

कानियोनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, "होय, होय, होय," असं तीनदा म्हटलं, आणि चौथ्या ‘होय’च्या अर्ध्यावर तो खुर्चीतच घोरू लागला. साविनोच्या आईनं त्याच्या मानेखाली उशी सरकवली.

तेव्हा कुठे कार्मोझीनाला आठवलं, की आपण सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही. भांड्याच्या तळाशी थोडा पास्ता उरला होता, गार, एकमेकांना घट्ट चिकटलेला. तिनं तो तसाच खरवडून ताटात घेतला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक घास चवीनं खाल्ला.